कॉकटिएलची तीन पिल्लं हातावर वाढवताना: २४ नोव्हेंबर ते ४ फेब्रुवारी

आईबाप पिल्लांना नीट भरवत असतील, तर पिल्लं हातावर घेऊ नका, म्हणजे त्यांच्यापासून काढून स्वतः भरवू नका. माणसाळलेला पक्षी हवा, एवढ्यासाठी तर नकोच. दुसऱ्या आठवड्यापासून रोज दहा मिनिटं पिल्लू हातात घेऊन परत घरट्याच्या पेटीत ठेवलं, तरी ते तितकंच माणसाळतं. शिवाय आई देते ते अन्न, ऊब आणि पचनाला लागणारे जिवाणू आपल्याला पूर्णपणे देता येत नाहीत. हातावर घ्यायची वेळ येते ती आईबाप भरवायचे थांबले, पिसं उपटू लागले किंवा त्यांतला एक दगावला, तर. आमच्यावर ती अशीच आली. ते ७२ दिवस तारीखवार इथे लिहीत आहे, कारण रविवारी सकाळी पिल्लू थंड लागतं तेव्हा नेमकं काय करायचं, हे सांगणारं कुणी जवळ नसतं.

कॉकटिएल म्हणजे पक्षीबाजारात ज्याला ‘कॉकटेल’ म्हणतात तो पोपटकुळातला तुऱ्याचा पक्षी. २२ ते ३० ऑक्टोबर २०२४ या काळात मादीने दिवसाआड पाच अंडी घातली. यांच्यात नर आणि मादी दोघंही अंड्यांवर बसतात, बहुतेक दिवसा नर आणि रात्री मादी. तीन पिल्लं बाहेर आली, १२, १४ आणि १६ नोव्हेंबरला. दोन अंडी फुटली नाहीत. बारा दिवस सगळं ठीक होतं.

२४ नोव्हेंबर, रविवार. सकाळी पेटी उघडली तर थोरल्याच्या पाठीवर फुटू लागलेली कोवळी पिसं उपटलेली होती आणि कातडीवर रक्ताचे ठिपके होते. नर पुन्हा मादीच्या मागे लागला होता. पुढच्या अंड्यांची घाई झाली की काही जोड्या आधीच्या पिल्लांना असं पेटीबाहेर काढू पाहतात. धाकट्याचं क्रॉप रिकामं होतं आणि अंग थंड पडलं होतं. क्रॉप म्हणजे गळ्याच्या खाली, छातीच्या वर असलेली अन्नाची पिशवी. पिल्लाची कातडी पातळ असल्याने ती भरलेली की रिकामी हे डोळ्यांनी दिसतं. पुढचे अडीच महिने आमचं निम्मं लक्ष त्या पिशवीवरच होतं.

थंड पडलेल्या पिल्लाला आधी भरवायचं नाही, आधी ऊब द्यायची. अंग गार असताना क्रॉप काम करत नाही, आणि आत गेलेलं अन्न तिथेच पडून आंबतं. जुना दीड फुटी काचेचा फिशटँक होता. त्याच्या अर्ध्या भागात गरम पाण्याची पिशवी, तिच्यावर दुमडलेला टॉवेल आणि त्यावर पिल्लांची प्लास्टिकची टोपली ठेवली. पिशवी मुद्दाम अर्ध्याच भागात ठेवली, म्हणजे पिल्लांना उकडलं तर सरकायला जागा राहते. दर दीड तासाने पाणी बदललं. सव्वा तासात धाकट्याचे पाय बोटांना उबदार लागले, त्यानंतर पहिला घास दिला.

टोपलीत तळाला किचन टिश्यूचे तीन थर घातले. वर्तमानपत्र गुळगुळीत असतं, त्यावर पाय दोन बाजूंना घसरतात आणि वाढत्या हाडांना तसंच वळण लागतं. लाकडाचा भुसाही नको, पिल्लं तो गिळतात.

खरेदी अशी झाली. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल वजनकाटा ३८० रुपये, आर्द्रताही दाखवणारा थर्मामीटर २५० रुपये, इनक्युबेटरला लावतात तसला, तापमान आपोआप राखणारा डिजिटल थर्मोस्टॅट ४८० रुपये, उजेड न पाडता फक्त उष्णता देणारा सिरॅमिक बल्ब आणि चिनी मातीचा होल्डर मिळून ५२० रुपये. हँडफीडिंग फॉर्म्युलाचं, म्हणजे पाण्यात कालवून पिल्लांना भरवायच्या तयार पावडरीचं, एक किलोचं पाकीट १,१५० रुपयांना मिळालं, आणि तीन पिल्लांना शेवटपर्यंत पुरून उरलं. होल्डर प्लास्टिकचा घेऊ नका, सिरॅमिक बल्बच्या उष्णतेने तो वितळतो. बल्बभोवती जाळी हवीच.

थर्मोस्टॅट लावताना एक चूक झाली. सेन्सरची वायर टाकीच्या वरच्या कडेला अडकवली होती. आकडा ३३ दाखवत होता, तरी पिल्लं एकमेकांवर चढून घट्ट बसलेली. दुसरा थर्मामीटर त्यांच्या शेजारी ठेवला तर तिथे २८ अंश. उष्ण हवा वर जाते आणि पिल्लं तळाशी असतात, म्हणून सेन्सर पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर हवा. तो त्यांच्या अंगाखाली जाणार नाही एवढं पाहायचं, नाहीतर तो त्यांच्याच अंगाची ऊब मोजत बसतो.

आकड्यापेक्षा पिल्लांकडे बघा. एकमेकांना चिकटून थरथरत असतील तर थंडी वाजते आहे. दूर दूर पसरून, पंख अंगापासून सोडून, चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर उकडतं आहे. मान एकमेकांवर टाकून सैल झोपली असतील तर तापमान बरोबर आहे. नुकत्याच निघालेल्या पिल्लाला ३६ ते ३७ अंश लागतात, आठवड्याच्या पिल्लाला ३४-३५, दोन आठवड्यांच्या पिल्लाला ३१-३२. धाकटं आठ दिवसांचं आणि अशक्त, थोरल्याची पाठ उघडी, म्हणून आम्ही ३३ वर सुरुवात केली आणि दर तीन-चार दिवसांनी एकेक अंश उतरवला. आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास राहावी म्हणून कोपऱ्यात पाण्याची वाटी ठेवली आणि पिल्लू आत पडू नये म्हणून तिच्यावर जाळी बांधली. हवा फार कोरडी झाली की कातडी लाल, सुरकुतलेली दिसू लागते.

पहिल्या दिवशीची वजनं: थोरलं ५१ ग्रॅम, मधलं ३७, धाकटं २२. वजन रोज एकाच वेळी करायचं, सकाळच्या पहिल्या घासाआधी, क्रॉप रिकामं असताना. एका घासाला वजनाच्या साधारण दहा टक्के अन्न, म्हणजे ५१ ग्रॅमच्या पिल्लाला ५ मिली. थोरल्या दोघांना सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० असं पाच वेळा, आणि धाकट्याला २ मिली दर तीन तासांनी. त्याच्यासाठी पहिला आठवडाभर रात्री दोनलाही उठावं लागलं. घरात दोघंजण असतील तर रात्र आणि पहाट वाटून घ्या. झोपेने डोळे जड झालेल्या माणसाच्या हातून तापमान बघायचं राहून जातं.

फॉर्म्युला कालवताना उकळून कोमट केलेलं पाणी घ्यायचं. आठ-दहा दिवसांच्या पिल्लाला एक भाग पावडरीला तीन भाग पाणी, म्हणजे कढीइतकं. तीन आठवड्यांच्या पिल्लाला एकास दोन, ढवळलेल्या दह्याइतकं. प्रत्येक पाकिटावरचं प्रमाण थोडं वेगळं असतं, ते आधी वाचा. कालवल्यावर दोन मिनिटं थांबा, कारण ते आळतं, आणि मग पुन्हा तापमान बघा. गाठी राहिल्या तर चहाच्या गाळणीतून गाळून घ्या. उरलेलं कालवण टाकून द्यायचं, पुढच्या वेळेसाठी ठेवायचं नाही. बाजारात पोपटाच्या पिल्लांना सातूचं पीठ किंवा लहान मुलांचं दूध घातलेलं खाद्य देतात. नुसत्या सातूत प्रथिनं आणि कॅल्शियम पुरेसं नसतं, आणि दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही. पिल्लू जगतं असं दिसतं, पण हाडं वाकतात आणि क्रॉप सावकाश रिकामं होऊ लागतं. मध, पाव, दूध यांतलं काहीही नको.

अन्नाचं तापमान ३९ ते ४१ अंश. ४३च्या वर गेलं तर क्रॉप आतून भाजतं. ते त्या क्षणी कळत नाही, चार-सहा दिवसांनी छातीवर लाल चट्टा, मग खपली आणि शेवटी भोक पडून त्यातून अन्न गळतं. म्हणून मायक्रोवेव्ह नकोच, त्यात बाहेर कोमट आणि मध्ये चटका बसेल इतकं गरम असे थर राहतात. मनगटावर थेंब टाकून अंदाज घेणं पुरेसं नाही. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर प्रत्येक घासाला वाटीत बुडवायचा.

भरवायची रीत अशी. टेबलावर खरखरीत टॉवेल. पिल्लू आपल्याकडे तोंड करून उभं. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी डोक्याच्या मागून दोन्ही बाजूंना, दाब अजिबात नाही, फक्त आधार. सिरिंजचं टोक पिल्लाच्या चोचीच्या डाव्या कोपऱ्यातून आत, आणि रोख त्याच्या उजव्या बाजूकडे. क्रॉप मानेच्या उजव्या अंगाला असतं, श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशी असतं. टोक लागलं की पिल्लू मान वरखाली हलवू लागतं, आणि त्या वेळी त्याची श्वासनलिका बंद असते. फक्त तेव्हाच दट्ट्या दाबायचा. दोन-तीन हेलकावे झाले की थांबा, श्वास घेऊ द्या, मग पुढचं. मान हलत नसेल तर एक थेंबही ढकलायचा नाही. चोचीच्या दोन्ही बाजूंच्या मऊ भागाला हलकेच बोट लावलं की बहुतेक पिल्लं पुन्हा सुरू होतात. अन्न नाकातून आलं, पिल्लू खोकलं, तर लगेच थांबायचं आणि डोकं किंचित खाली करून चोच पुसायची. फुप्फुसात अन्न गेलेलं पिल्लू पुष्कळदा काही तासांतच जातं. हातावर वाढवताना सगळ्यात जास्त पिल्लं याच चुकीने दगावतात, म्हणून घाई असेल त्या दिवशी घास अर्धा तास उशिरा द्या, पण घाईत देऊ नका.

सिरिंजबद्दल एक बारीक गोष्ट. उकळून उकळून दट्ट्याचं रबर फुगतं. मग ते अडकतं, आपण जोर लावतो आणि एकदम दीड-दोन मिली अन्न घशात उडतं. आमच्याकडे तिसऱ्याच दिवशी तसं झालं, नशिबाने टोक तेव्हा चोचीबाहेर होतं. तेव्हापासून रबर अडकायची वाट न बघता नव्या सिरिंजा घेतल्या. दहा रुपयांची एक, एकूण २४ लागल्या. प्रत्येक पिल्लाची वेगळी, त्यावर रंगीत चिकटपट्टी. भरवून झाल्यावर चोचीभोवती आणि छातीवर सांडलेलं अन्न कोमट पाण्याच्या कापसाने तिथल्या तिथे पुसा. ते वाळलं की दगडासारखं होतं आणि काढताना कोवळी पिसं निघून येतात.

२७ नोव्हेंबर. धाकट्याची वजनं २२, २५, २८ अशी चढत होती. त्या सकाळी २७ भरलं, आणि तेही क्रॉपमध्ये रात्रीचं अन्न शिल्लक असताना. पिशवी बोटाला कणकेसारखी लागत होती, तोंडाला आंबूस वास होता. रात्रीच्या मोठ्या खंडानंतर सकाळी क्रॉप पूर्ण रिकामं दिसलंच पाहिजे. नसेल, तर ठरलेली वेळ झाली म्हणून वरून भरवायचं नाही. जुन्या आंबलेल्या अन्नावर नवं टाकलं की तेही आंबतं.

कारण शोधायला अर्धा दिवस गेला. भरवण्याचा क्रम थोरलं, मधलं, धाकटं असा होता. एकाच वाटीत ४० अंशांवर कालवलेलं अन्न नोव्हेंबरच्या थंडीत धाकट्याची पाळी येईपर्यंत किती राहतं ते मोजलं, तर ३४ अंश. म्हणजे सगळ्यात अशक्त पिल्लाला तीन दिवस गार अन्न मिळत होतं. त्या दिवसापासून दोन बदल केले. सगळ्यात लहान आधी, आणि अन्नाची वाटी ४५ अंशांच्या पाण्याच्या मोठ्या वाडग्यात ठेवलेली. मोठ्या घरट्यातून एकाच वयाची नसलेली पिल्लं घेतलीत, तर हा क्रम पहिल्या दिवसापासून ठेवा.

२८ तारखेला डॉक्टर. आधी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. केसपेपर काढला, तासभर बसलो, आणि इथे पक्ष्यांची तपासणी होत नाही असं कळलं. थंडीत टोपली घेऊन तो तास फुकट गेला. म्हणून पिल्लं हातावर घ्यायच्या आधीच, शक्य तर अंडी असतानाच, पक्षी तपासणारा डॉक्टर शोधून त्यांची वेळ आणि रविवारी ते असतात का हे विचारून ठेवा. खासगी डॉक्टरांनी ५०० रुपये घेतले, आणि क्रॉपमधला द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला त्याचे ३००. त्यात यीस्ट सापडली. वजनावर मोजून बुरशीविरोधी औषध दिलं, २१० रुपयांचं. त्याचं प्रमाण मी मुद्दाम लिहीत नाही, २६ ग्रॅमच्या जिवाला थेंबाची चूकही मोठी असते. त्यांनी क्रॉप नळीने रिकामं केलं. हे घरी करायचं नाही, आणि पिल्लू उलटं धरून अन्न ओतून काढायचा जो उपाय सांगतात, तो तर कधीच नाही. त्यात अन्न सरळ श्वासनलिकेत जातं. पुढचे दोन दिवस अन्न पातळ, अर्ध्या प्रमाणात, पण दर दोन तासांनी. २९ला २८ ग्रॅम, १ डिसेंबरला ३३. दहा दिवसांनी पुन्हा दाखवलं, त्याचे ३००.

याच सुमारास एकाने सांगितलं, की विदेशी पक्ष्यांची आता नोंदणी करावी लागते, नाहीतर कारवाई होते. वनविभागाच्या कार्यालयात एक सकाळ घालवून आणि नियम वाचून जे कळलं ते असं. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२मध्ये दुरुस्ती झाली, तिच्यातल्या कलम ४९-एमनुसार अनुसूची चारमधल्या जिवंत प्राण्यांची नोंद ‘परिवेश २.०’ या संकेतस्थळावर करावी लागते. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४मध्ये आले. पोपटकुळातले जवळजवळ सगळे विदेशी पक्षी त्यात येतात. सन कॉन्युअर, आफ्रिकन ग्रे, मकाव, फिशर लव्हबर्ड, सगळे. त्यांची पिल्लं झाली तर जन्माचीही नोंद लागते. बजरीगर, कॉकटिएल आणि पीच-फेस्ड लव्हबर्ड या यादीतून वगळलेले आहेत, म्हणून आमच्या पिल्लांना नोंदणी लागली नाही. आपला हिरवा पोपट मात्र देशी वन्यपक्षी आहे. तो पाळणं, विकणं, त्याचं पिल्लू घरी वाढवणं हा गुन्हा आहे. झाडाच्या ढोलीतून पडलेलं पिल्लू सापडलं तर उबदार खोक्यात ठेवा आणि महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

डिसेंबर त्या मानाने सरळ गेला. थोरलं १ तारखेला ७२, ८ला ८६, १३ला ९३ ग्रॅम. तिसऱ्या आठवड्यापासून घास चार, चौथ्या आठवड्याच्या शेवटी तीन, प्रत्येकी ८ ते ९ मिली. पाठीवर पिसांच्या नळ्या पुन्हा फुटल्या आणि अंगठ्याने चोळल्यासारख्या उलगडत गेल्या. एका संध्याकाळी वीज गेली ती पावणेदोन तास आली नाही. गरम पाण्याच्या बाटल्या मोज्यात घालून टोपलीच्या दोन बाजूंना लावल्या आणि टाकीवर ब्लँकेट टाकलं, एका बाजूने हवेला फट ठेवून. बाटल्या आणि मोजे आधीच जवळ काढून ठेवा.

हवेबद्दलही सांगायला हवं. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत मरतो. पिल्लं असताना आम्ही लोखंडी तवाच वापरला. उदबत्ती, कापूर, डासांची कॉइल, फिनेल हे त्या खोलीत नाही. शीट साफ करताना तुम्हीही मास्क लावा, पोपटकुळातल्या पक्ष्यांपासून माणसाला फुप्फुसाचा सिटाकोसिस हा आजार होऊ शकतो.

१६ डिसेंबरला थोरलं टोपलीच्या काठावरून उडालं आणि पडद्याला लटकलं. त्या आधीच छताच्या पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवली होती. भारतातल्या घरात उडायला शिकणाऱ्या पक्ष्याला पंख्याइतका धोका कशाचाच नसतो. खिडक्यांच्या काचांवर आणि आरशावर कापड, बादल्यांवर झाकणं. उडायच्या सुमारास पिल्लं स्वतःहून कमी खातात. थोरलं ९३वरून २० तारखेला ८४वर आलं. ही घट साधारण दहा टक्क्यांपर्यंत चालते. त्या दिवसांत जबरदस्तीने भरवू नका, मान फिरवली की सिरिंज बाजूला ठेवा.

दाणे शिकवताना ताट पिंजऱ्याच्या तळाशी ठेवायचं, वर टांगलेल्या वाटीकडे पिल्लं बघतसुद्धा नाहीत. राळ्याची कणसं, बाजरी, मऊ भात, उकडलेल्या मक्याचे दाणे, कोथिंबीर, मोड आलेले मूग. मूग आणि भात दोन-तीन तासांनी उचलायचे, त्यावर बुरशी लवकर येते. मीठ, कांदा, चॉकलेट, अव्हाकाडो कधीच नाही. पहिले आठ दिवस नुसता खेळ असतो, दाणे चावून टाकतात, एकही पोटात जात नाही. म्हणून टरफलं बघून समाधान मानू नका, वजनकाटा बघा. आधी दुपारचा घास बंद केला, मग सकाळचा, रात्रीचा सगळ्यात शेवटी. बाजारात पिल्लू लवकर विकता यावं म्हणून उपाशी ठेवून दाण्यावर आणतात. असं पिल्लू पुढे महिनोन्महिने भुकेने ओरडत राहतं.

थोरलं १२ जानेवारीला सिरिंजवरून सुटलं, ६१व्या दिवशी. मधलं संक्रांतीनंतर चार दिवसांनी. धाकट्याला आजारपणाने मागे ठेवलं होतं, ते ४ फेब्रुवारीपर्यंत रात्रीचे ५ मिली मागत होतं आणि आम्ही देत होतो. त्या दिवशी त्याचं वजन ८२ ग्रॅम. ९ तारखेला पिंजरा बदलला तर ते पुन्हा मान हलवून मागू लागलं. नवी जागा, नवा माणूस असला की असं होतं. तीन दिवस रात्री थोडं भरवलं, मग आपोआप थांबलं. कॉकटिएल अंधारात दचकून पिंजऱ्यात फडफडतात आणि पंख मोडून घेतात, म्हणून झिरोचा दिवा रात्रभर चालू ठेवतो.

खर्च एकूण ४,७३० रुपये. वर लिहिलेल्या आकड्यांत ४०० रुपयांचे टिश्यू धरून. मोठ्या जोडीची पेटी २४ नोव्हेंबरलाच काढली होती, ती अजून परत लावलेली नाही. नाहीतर मादी लगेच पुन्हा अंडी घालते आणि तिच्या हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं. उरलेला फॉर्म्युला हवाबंद डब्यात, पाकीट उघडल्याची तारीख लिहून, फ्रीजरमध्ये आहे.